सम्यक आजीव आणि आपली शिल्लक
(उपासक-उपासिकांसाठी अभ्यासपाठ)



मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एक तरुण उपासक माझ्याजवळ आला. नोकरीला लागून त्याला तीन वर्षे झाली आहेत. तो म्हणाला, "बाई, घरखर्च भागवून महिन्याला दोन-तीन हजार शिल्लक पडू लागलेत. कोठे ठेवू? एक ओळखीचे म्हणतात, बारच्या धंद्यात भागीदारी घे, लवकर दुप्पट होतील. तुम्ही काय सांगता?"

त्याचा प्रश्न ऐकून मला प्रथम आनंद झाला. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करीत. महिन्याच्या वीस तारखेनंतर आमच्या घरी उसनवारी सुरू होई. त्यांच्या पिढीपुढे 'पैसा कोठून आणायचा' एवढाच प्रश्न होता. 'पैसा कोठे ठेवायचा' हा प्रश्न आपल्या मुलांना पडू लागला, ही परमपूज्य बाबासाहेबांच्या चळवळीची फार मोठी कमाई आहे. परंतु नवा प्रश्न आला की नवी जबाबदारीही येते. त्या तरुणाला मी विहाराच्या पायरीवर जे थोडक्यात सांगितले, तेच आज या पाठात सविस्तर मांडत आहे. त्यात माझ्या स्वतःच्या एका चुकीचीही हकीकत आहे. ती लपवून हा पाठ लिहिणे मला योग्य वाटले नाही.

१. धम्म धनाला वाईट म्हणतो काय?

नव्याने धम्म स्वीकारलेल्या पुष्कळ कुटुंबांचा एक गैरसमज असतो. भगवान बुद्धांनी राजवाडा सोडला, तेव्हा पैसा ही वाईट वस्तू असली पाहिजे, असे त्यांना वाटते. हे बरोबर नाही. भिक्खूंचे नियम वेगळे आणि गृहस्थांचे वेगळे. गृहस्थाने गरीब राहावे, असे तथागतांनी कोठेही सांगितलेले नाही. बाबासाहेबांनीही १९५० साली बौद्ध धम्माच्या भवितव्यावर लिहिताना धर्माच्या ज्या कसोट्या मांडल्या, त्यांत धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये, ही एक कसोटी होती. ज्यांना शतकानुशतके संपत्ती बाळगण्याचा हक्कच नाकारला गेला, त्यांना दारिद्र्याचे गोडवे सांगणे ही क्रूर थट्टा होय, हे ते जाणून होते.

श्रावस्तीचा श्रेष्ठी अनाथपिंडिक हा मोठा व्यापारी होता. त्याला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. पहिले अस्तिसुख, म्हणजे आपल्याजवळ कष्टाने मिळवलेले काही आहे याचे सुख. दुसरे भोगसुख, म्हणजे ते स्वतःसाठी व सत्कार्यासाठी वापरण्याचे सुख. तिसरे अनृणसुख, म्हणजे कोणाचे लहानमोठे देणे नाही याचे सुख. चौथे अनवद्यसुख, म्हणजे आपल्या काया, वाचा, मनाच्या कर्मात दोष नाही याचे सुख. पहिली तिन्ही सुखे या चौथ्या सुखाच्या सोळाव्या हिश्शालाही पुरत नाहीत, असे तथागत सांगतात.

वाचकहो, हा क्रम नीट ध्यानात घ्या. पहिली तीन सुखे खोटी आहेत, असे तथागत म्हणत नाहीत. घर असावे, कपाटात धान्य असावे, सावकार दारात नसावा, हे सारे हवेच. पण ज्या पैशावर दुसऱ्याच्या दुःखाचा डाग आहे, तो पैसा चौथे सुख हिरावून घेतो. आपल्या आजच्या पाठाचा विषय हे चौथे सुख आहे.

२. ठेवलेला पैसा झोपत नाही

आजी पैसे लुगड्याच्या गाठीत बांधून ठेवायची. ते पैसे खरोखर स्वस्थ पडून असत. आपला पैसा तसा स्वस्थ पडून राहत नाही. बँकेत ठेव ठेवली की बँक तो कोणाला तरी कर्जाऊ देते. विम्याचा हप्ता भरला की विमा कंपनी तो कोठेतरी गुंतवते. म्युच्युअल फंडात टाकला की त्यातून कंपन्यांचे भाग घेतले जातात. आपण शाळेत, कचेरीत किंवा कारखान्यात काम करीत असतो, तेव्हा आपला पैसाही कोठेतरी काम करीत असतो. आपण कोणते काम करतो, हे आपण पाहतो. मग आपला पैसा कोणते काम करतो, हे पाहायला नको काय?

उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत, हे तथागतांनी स्पष्ट सांगितले आहे: शस्त्रांचा व्यापार, प्राण्यांचा व म्हणजेच माणसांच्याही खरेदी-विक्रीचा व्यापार, मांसाचा व्यापार, मादक पदार्थांचा व्यापार आणि विषाचा व्यापार. हा सम्यक आजीवाचा भाग आहे. आता विचार करा. दारूचे दुकान स्वतः चालवणे निषिद्ध असेल, तर दारूच्या दुकानाला भांडवल पुरवून नफ्यात वाटा घेणे निर्दोष कसे ठरेल? बाटली देणारा हात दुसऱ्याचा असला तरी तिची किंमत आपल्या खिशात येते. ज्याने दीक्षा घेताना दारू न पिण्याची प्रतिज्ञा केली, त्याने वस्तीतल्या दुसऱ्या घरातील बापाला पाजून आपल्या मुलाची फी भरावी, ही गोष्ट प्रतिज्ञेत बसत नाही. त्या तरुण उपासकाला मी हेच उत्तर दिले.

परंतु सगळी उदाहरणे इतकी सोपी नसतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एलआयसीची पॉलिसी असते. विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ साली झाले आणि गरिबांच्या बचतीला एक आधार मिळाला. तरीही याच एलआयसीकडे आयटीसी या कंपनीचे भाग मोठ्या प्रमाणावर आहेत. ही कंपनी इतर अनेक वस्तू बनवते, पण सिगारेट बनवणाऱ्या देशातील कंपन्यांत ती सर्वांत मोठी आहे. सरकारी विमा कंपन्यांनी जनतेचा पैसा तंबाखूत गुंतवू नये, म्हणून २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली होती. पॉलिसी मोडा, असे मी मुळीच सांगत नाही. कुटुंबाचे संरक्षण हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे. पण 'मी तर तंबाखूला हातही लावत नाही' असे म्हणताना आपण जरा थांबले पाहिजे, एवढेच सांगायचे आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. विड्या वळणाऱ्या बहिणीला, खाटकाच्या दुकानात रोजंदारी करणाऱ्या भावाला किंवा धुराड्याखाली पाळी करणाऱ्या कामगाराला दोष देण्यासाठी हा पाठ नाही. ज्याच्यापुढे दुसरा मार्ग नाही त्याची विवशता वेगळी, आणि ज्याच्या हातात शिल्लक आहे व निवड आहे त्याची जबाबदारी वेगळी. हा पाठ दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी आहे.

३. माझी चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही दहा जणींनी एक भिशी सुरू केली. आम्ही सर्व पगारदार. जमलेली रक्कम आम्ही गरजू लोकांना दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने देत असू. बँकेपेक्षा जास्त पैसे मिळत आणि लोकांची अडचणही भागे, म्हणून हे पुण्याचे काम आहे, असे आम्ही एकमेकींना सांगत होतो. हिशेब एक जण पाहत असे. पैसे कोणाला जातात, हे बाकीच्यांनी कधी विचारले नाही. मीही विचारले नाही.

एके वर्षी माझ्या वर्गातील आठवीची एक हुशार मुलगी शाळेत येईनाशी झाली. चौकशी करायला मी तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, "बाई, भिशीचं व्याज भरायचंय. माझ्या एकटीच्या धुण्याभांड्यात भागत नाही. ती आता माझ्याबरोबर दोन घरं करते." मी भिशी कोणाची ते विचारले. ती आमचीच होती.

घरी येऊन मी हिशेब मांडला. त्या बाईंनी नवऱ्याच्या आजारपणासाठी तीस हजार रुपये घेतले होते. महिन्याला नऊशे रुपये याप्रमाणे वीस महिन्यांत तिने अठरा हजार रुपये भरले होते आणि मुद्दल जसेच्या तसे तीस हजार उभे होते. शेकडा तीन म्हणजे वर्षाला शेकडा छत्तीस होतात, हे गणित मी वर्गात मुलांना शिकवते. आपल्या भिशीला ते लावून पाहण्याचे मला सुचले नव्हते. शिवाय महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवान्याशिवाय असा व्याजाचा व्यवहार करणे हा गुन्हा आहे, हेही तेव्हा समजले. सावकाराच्या दारात उभे राहिलेल्या हमालाची मुलगी स्वतः सावकार झाली होती, आणि तिला ते कळलेही नव्हते.

आम्ही सगळ्या जमलो. वर्षाला शेकडा बारा हा दर धरला असता तर वीस महिन्यांचे व्याज सहा हजार झाले असते. म्हणजे बारा हजार रुपये जास्त घेतले गेले होते. ते मुद्दलात जमा धरले. उरलेले अठरा हजार बिनव्याजी, महिना हजार रुपयांप्रमाणे फेडायचे ठरले. प्रत्येकीच्या वाट्याला बाराशे रुपयांची तूट आली. दोघी जणी रागावून आपला हिस्सा घेऊन निघून गेल्या. बाकीच्या आठ जणींनी इतर कर्जदारांचे हिशेबही याच रीतीने दुरुस्त केले आणि परवान्याविना चाललेला तो व्यवहार बंद केला.

मुलगी पुढच्या जूनमध्ये शाळेत परत आली. पण तिचे एक वर्ष गेले. तिच्या मैत्रिणी नववीत आणि ती पुन्हा आठवीत, असे ती खाली मान घालून बसे. बारा हजार रुपये आम्ही परत देऊ शकलो. ते वर्ष आम्हाला परत देता आले नाही.

४. चुकीची भरपाई होते काय?

आता पाठाचा मुख्य प्रश्न येतो. पैशाने केलेली हानी पैशाने भरून काढता येते काय?

आपण ज्या रूढीतून बाहेर पडलो तिच्यात याचे उत्तर सोपे होते. नदीत स्नान करा, भटजीला दक्षिणा द्या, पाप धुऊन निघेल. धम्माने हे उत्तर नाकारले. अनाथपिंडिकाच्या घरच्या दासीची मुलगी पुण्णिका हिने थंडीत कुडकुडत नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला विचारले, की पाण्याने पाप जात असेल तर मग बेडूक, कासवे आणि मगरी सगळ्या स्वर्गात जातील काय? आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेणार नाही काय? थेरी झालेल्या या दासीकन्येचा प्रश्न आपण पैशालाही विचारला पाहिजे. वर्षभर नदीत रसायने सोडायची आणि वर्षअखेर नदीकाठी शंभर रोपे लावून फोटो काढायचा, ही नवी गंगास्नानाची रीत आहे. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. ते योग्यच आहे. पण उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळवले, हा प्रश्न त्या दोन टक्क्यांनी मिटत नाही.

मग धम्माचे उत्तर काय? मगधाचा राजा अजातशत्रू याने राज्यासाठी पिता बिंबिसाराचा वध केला. पुढे तो तथागतांकडे आला आणि आपला अपराध त्याने कबूल केला. तेव्हा तथागतांनी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. अपराधाला अपराध म्हणून पाहणे, धम्माला अनुसरून त्याची दुरुस्ती करणे आणि पुढे पुन्हा तसे न करण्याचा संयम पाळणे. अशा माणसाची वाढ होते. परंतु राजा निघून गेल्यावर तथागत भिक्खूंना हेही म्हणाले, की याने पित्याला मारले नसते तर याच आसनावर याला धम्मदृष्टी लाभली असती.

दोन्ही वाक्ये एकत्र ठेवा. दुरुस्ती केलीच पाहिजे, कारण तीमुळे माणूस पुढे जातो. पण झालेले नुकसान न झाल्यासारखे होत नाही. म्हणून भरपाई करणाऱ्याने गर्व करू नये आणि 'आता काय उपयोग' म्हणून हातही आखडू नये.

भोपाळचे उदाहरण घ्या. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि भोवतालच्या गरीब वस्त्यांतील हजारो माणसे प्राणास मुकली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. कागदावर भरपाई झाली. परंतु कारखान्याच्या आवारातील विषारी कचरा तेथेच पडून राहिला. त्यातील सुमारे ३३७ टन कचरा हलवण्यास २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला. अजातशत्रूला सांगितलेल्या तीन पायऱ्या येथे लावून पाहा. पैसे दिले गेले, पण अपराध अपराध म्हणून मान्य झाला काय? दुरुस्ती पूर्ण झाली काय? विषाचा व्यापार निषिद्ध का, हे ज्याला समजावून घ्यायचे आहे त्याने भोपाळ आठवावे.

५. पैसा काढून घेण्याचे बळ

एखादा म्हणेल, "बाई, माझे दोन हजार रुपये. मी ते कोठे ठेवले याने जगाचे काय बिघडणार?" हा प्रश्न रास्त आहे. त्याला इतिहासातील दोन उदाहरणे देते.

दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचे वर्णभेदी राज्य होते. आपल्याकडील जातीप्रमाणे तेथे रंगावरून वस्ती, शाळा, पाणवठे वेगळे केलेले होते. या राज्याला ज्या बँका व कंपन्या पैसा पुरवत, त्यांच्यातून आपला पैसा काढून घेण्याची चळवळ इंग्लंड-अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी आणि चर्चच्या लोकांनी चालवली. इंग्लंडमधील बार्कलेज बँकेत विद्यार्थी खाते उघडीनात. अखेर १९८६ साली त्या बँकेने दक्षिण आफ्रिकेतील आपला व्यवसाय विकला. १९९४ साली तेथे सर्वांना मताधिकार देणारी निवडणूक झाली. हा विजय मुख्यतः तेथील काळ्या जनतेच्या लढ्याचा आहे. परंतु लहान लहान खात्यांनीही त्या लढ्याला हातभार लावला.

दुसरे उदाहरण ओडिशाचे. नियमगिरीच्या डोंगरावर डोंगरिया कोंध आदिवासी राहतात. तेथील बॉक्साइट खणण्याचा वेदान्त कंपनीचा बेत होता. नॉर्वे देशाच्या तेलाच्या उत्पन्नातून उभ्या राहिलेल्या निवृत्तिवेतन निधीने २००४ साली गुंतवणुकीसाठी नीतिनियम ठरवले होते. पर्यावरणाची हानी आणि मानवी हक्कांचा भंग या कारणांवरून त्या निधीने २००७ साली या कंपनीला वगळले. २०१० साली चर्च ऑफ इंग्लंडनेही आपले भाग विकले. पुढे १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. येथेही डोंगर वाचवला तो आदिवासींनी. पैसा काढणाऱ्यांनी 'या कामात आमचा हात नाही' एवढे जाहीरपणे सांगितले. तेवढे सांगणेही निरर्थक नसते.

आणि नॉर्वेचा निधी स्वतः तेलाच्या पैशावर उभा आहे, हेही विसरू नका. संपूर्ण निर्मळ पैसा कोणाजवळच नसतो. म्हणून शुद्धतेचा टेंभा मिरवू नये, आणि शुद्धता अशक्य आहे म्हणून डोळेही मिटू नयेत. हाच मध्यम मार्ग.

६. "अन्याय आपल्यावर झाला, भरपाई आपण का करायची?"

हा आक्षेप मी अनेक घरांत ऐकला आहे. त्यात तथ्य आहे. ज्यांनी आपल्याला पाणी नाकारले, त्यांनी आधी हिशेब द्यावा, ही मागणी सोडायची नाही. परंतु महाडच्या चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली ज्यांनी लढून घेतले, त्यांच्या वारसांना पाणी नासवणाऱ्या धंद्यातील नफा गोड कसा लागेल? आपल्यापैकी जे पगारदार झाले ते आता काही बाबतींत देणाऱ्याच्या बाजूला उभे आहेत.

एक रोजचे उदाहरण घ्या. आपण फ्लॅट घेतो. सोसायटीची शौचटाकी भरते. यंत्राची गाडी बोलावण्याऐवजी थोडे पैसे वाचवण्यासाठी माणूस आत उतरवला जातो. तो माणूस बहुधा आपल्यापैकीच कोणी असतो. २०१३ च्या कायद्याने हे काम करवून घेणे गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. पण सोसायटीच्या सभेत उठून "यंत्राचेच पैसे द्या, माझा वाटा मी आधी देतो" असे म्हणणे, ही मृत्यूनंतरच्या तीस लाखांपेक्षा मोठी भरपाई आहे. कारण ती माणूस जिवंत असताना दिली जाते.

७. पैसा चांगल्या कामाला कसा लावावा?

वाईटातून काढणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे, तो चांगल्यात लावणे. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात एक कथा आहे. एका राजाला मोठा यज्ञ करायचा होता. राज्यात चोऱ्या-लूटमार माजली होती. पुरोहित त्याला म्हणाला, शिक्षा करून हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला योग्य वेतन द्या. राजाने तसे केले आणि लोक दारे उघडी ठेवून निर्धास्त राहू लागले. गरिबाच्या हाती भांडवल देणे हे यज्ञापेक्षा मोठे काम आहे, असे धम्म सांगतो.

याची आजची उदाहरणे आपल्या जवळच आहेत. अहमदाबादेत १९७४ साली सेवा संघटनेच्या सुमारे चार हजार कष्टकरी स्त्रियांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन आपली सहकारी बँक काढली. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवड येथे १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला बँक सुरू झाली. बाजारात बसणाऱ्या, शेळ्या पाळणाऱ्या बायका तिच्या सभासद आहेत. अशा ठिकाणी ठेवलेली ठेव स्वस्थ बसत नाही. ती कोणाच्या तरी चुलीला जळण पुरवते, तेही कोणाचे घर न जाळता.

आमच्या आठ जणींनी पुढे एक रीतसर बचत गट केला आणि तो बँकेशी जोडला. स्वतःच्या सभासदांनाच माफक दराने कर्ज, आणि व्याजातून दरवर्षी वस्तीतील दोन मुलींच्या वह्या-पुस्तकांचा खर्च. काम लहान आहे, पण त्याचा हिशेब प्रत्येकीला तोंडपाठ आहे.

मात्र चांगल्या हेतूच्या भरात फसू नका. दीघजाणू नावाच्या गृहस्थाला तथागतांनी चार गोष्टी सांगितल्या: उद्योगीपणा, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि आय पाहून व्यय. यातील रक्षण ही धम्माचीच आज्ञा आहे. बँकेतील ठेवीला २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. २०२३ पासून केंद्र सरकारने हरित कर्जरोखे काढले आहेत आणि बाजारातही 'हरित' नावाच्या अनेक योजना आल्या आहेत. पण नावात हिरवा रंग असला म्हणजे काम हिरवे असतेच असे नाही. धम्माच्या किंवा बाबासाहेबांच्या नावाने कोणी दामदुपटीची योजना आणली, तर तीपासून दुप्पट दूर राहा.

८. घरी पाळायचा नियम

सिगाल नावाच्या तरुणाला तथागतांनी संपत्तीचे चार भाग करायला सांगितले: एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगात, आणि चौथा भाग संकटासाठी राखून. आजच्या पगारात हे तंतोतंत जमेल असे नाही. घरभाडे आणि शाळेची फीच अर्धा पगार खाते. पण दिशा ही ठेवावी. बाबासाहेबांनीही १९५६ साली नागपूरला धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा भाग देण्यास सांगितले होते, तो विसरू नये.

पैसा कोठेही ठेवण्यापूर्वी नवरा-बायको दोघांनी बसून, मोठ्या मुलांनाही जवळ घेऊन, पाच प्रश्न विचारावेत.

(१) हा पैसा तेथे जाऊन नेमके कोणते काम करणार आहे?
(२) ते काम पाच निषिद्ध व्यापारांपैकी एखाद्यात मोडते काय?
(३) माझा नफा कोणाच्या घामातून, कोणाच्या पाण्यातून, कोणाच्या जमिनीतून येणार आहे? त्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून मी तो सांगू शकेन काय?
(४) पैसा सुरक्षित आहे काय, आणि कायद्याला धरून आहे काय?
(५) पूर्वी माझ्या पैशाने कोणाचे नुकसान झाले असेल, तर त्या माणसाची, तेथील जमिनीची वा पाण्याची दुरुस्ती मी कशी करणार?

पाचव्या प्रश्नाबाबत एक सूचना. भरपाई शक्य तोवर ज्याचे नुकसान झाले त्यालाच द्या. विहाराच्या दानपेटीत टाकून मोकळे होऊ नका. त्या मुलीच्या आईचे बारा हजार आम्ही विहाराला दिले असते, तर आमचे नाव फलकावर लागले असते आणि तिचे कर्ज तसेच राहिले असते.

तो तरुण उपासक आता पोस्टात आवर्ती ठेव भरतो. बारच्या भागीदारीइतके पैसे त्याला मिळणार नाहीत. पण परवा तो म्हणाला, "बाई, घरी आईला खरं सांगता आलं, कुठं ठेवले ते." चौथ्या सुखाची व्याख्या त्याने ग्रंथ न वाचता सांगितली.

चर्चेसाठी प्रश्न

१. अनाथपिंडिकाला सांगितलेली चार सुखे कोणती? चौथ्याला सर्वांत मोठे का म्हटले आहे?
२. पुण्णिका थेरीचा प्रश्न आजच्या 'भरपाई'च्या कोणत्या प्रकारांना लागू पडतो?
३. अजातशत्रूला सांगितलेल्या तीन पायऱ्या आपल्या घरातील किंवा वस्तीतील एखाद्या व्यवहाराला लावून पाहा.
४. आपल्या घरातील बचत आज कोठे आहे आणि ती काय काम करते? पुढील रविवारपूर्वी पासबुके आणि पॉलिसी काढून सर्वांनी मिळून एकदा पाहा.

जय भीम! नमो बुद्धाय!